सगळ्यांना सांग

सोमवार, ता. १४
सकाळ, स्वयंपाकघरातून

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद, चिडले आहे तरी देतेच आहे. आम्ही सगळे बरे आहोत. बाबांचा गुडघा हल्ली जिना चढताना फारसा दुखत नाही. तुझी खुशाली कळव असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र.

काल बाबांनी मासा आणला. विकतचा नव्हे, स्वतः पकडलेला. "तुमच्या माशांच्या वासापायी मला कुणाला घरी बोलावता येत नाही," असं तू भरल्या ताटावरून बोललास आणि दुसऱ्या दिवशी सामान घेऊन गेलास, तेव्हापासून त्यांचा गळ माळ्यावर पडून होता. दोन वर्षं. काल पहाटे स्वतःच स्टुलावर चढून काढला आणि नऊच्या सुमारास तळ्यावरून हातभर लांब मासा घेऊन दारात हजर. मला म्हणाले, "आज चांगलं जेवण कर. सगळ्यांना सांग."

एवढंच. त्यांचं बोलणं तुला माहीतच आहे.

मग माझी जी काय तारांबळ उडाली! सुरी बोथट, मासा निसरडा, खवले भिंतीवर, केसांत, साखरेच्या डब्यावरसुद्धा. त्यात सिंक तुंबलं. तुझे भावोजी वर्तमानपत्राआडून विचारतात, "काटे नीट काढशील ना?" म्हटलं, "नाही, तुमच्यासाठी मुद्दाम ठेवतेय." अर्ध्याचा रस्सा केला, अर्धे तुकडे मीठ-लिंबू लावून तळले. आणि सगळ्यांना सांगितलं. आत्याला सांगितलं, तिच्या जावेला सांगितलं, खालच्या मजल्यावरच्या शिंप्यालासुद्धा सांगितलं, ज्याच्याशी बाबा वर्षभर बोललेले नाहीत. घरात बसायला जागा उरली नाही.

बेल वाजली की बाबा उठून उभे राहायचे. शिंपी आला तेव्हाही राहिले, मग बसले. पानं घेतल्यावर मला विचारलं, "सगळे आले?"

मी म्हटलं, "आले."

रस्सा छान झाला होता. माशाचं डोकं नेहमी तुझं, म्हणून बाबांनी ते कुणाला वाढू दिलं नाही. आत्यानं विचारलंच, "धाकटा कुठं दिसत नाही?" बाबा म्हणाले, "त्याला सांगितलंय. काम असेल." आणि भात कालवत बसले, खाल्ला मात्र नाही. मी डाव हातात घेऊन तिथंच उभी होते. तेव्हा तरी तोंड उघडायचं होतं. मी शिंप्याला आणखी एक तुकडा वाढला.

आता ऐक. त्यांच्या तोंडी 'सगळे' म्हणजे कोण, हे न कळायला मी काही या घरात पाहुणी नाही. ते म्हणाले त्या क्षणीच मला कळलं होतं. तुला फोन करायचा होता आणि मी तो मुद्दाम केला नाही. दोन वर्षं त्यांची औषधं, त्यांचं पथ्य, त्यांचा अबोला मी सांभाळतेय. मी कितीदा म्हटलं, बाबा, जरा तळ्यावर जाऊन या, बरं वाटेल. माझ्या सांगण्यावरून गेले नाहीत, तुझ्या आठवणीनं गेले. इतका संताप झाला की सांगता सोय नाही.

आज चहा घेताना त्यांनी विचारलं, "त्याचा काही निरोप?" दोन वर्षांत पहिल्यांदा विचारलं रे. मी म्हटलं, "नाही." खोटं नव्हतं ते, पण त्यांचा चेहरा बघवेना. त्यांना वाटतंय, बोलावूनही तू आला नाहीस. खरं सांगायला दोनदा त्यांच्या खोलीपर्यंत गेले आणि दोनदा परत आले. तुझ्यावरचा विश्वास गेलाच आहे. माझ्यावरचाही गेला तर या माणसानं बघायचं कुणाकडे?

तू ये. रविवारची वाट बघू नकोस, पत्र मिळेल त्या दिवशी ये. आणि बाबांना सांग, तुला कुणी बोलावलंच नव्हतं. माझ्यादेखत सांग. मी नाही म्हणणार नाही.

चुकलेली, आणि तरीही तुझ्यावर रागावलेली,
ताई