सहीखालची दोन टिंबं

प्रिय दादा,

गेले तीन आठवडे मी फोनवर तुझ्याशी धड बोलले नाही. "आई बरी आहे, ठेवते," एवढंच. तुझ्या लक्षात आलं असेल, किंवा बेकरीतल्या कामाच्या गडबडीत आलं नसेल. मला तुझा संशय होता. घरातलं बाहेर कुणाला सांगायचं नाही ही आपली शपथ तूच मोडलीस, असं मी धरून चालले होते. आणि तसं वाटायला कारणही होतं.

आमच्या वर्गशिक्षिका, त्याच जाड चष्म्याच्या, ज्यांना तुम्ही मुलं दुर्बीणबाई म्हणायचात, एकाएकी माझ्याशी गोड बोलायला लागल्या. उशीर झाला तरी ओरडणं नाही. मधल्या सुट्टीत "जेवलीस का गं?" दप्तरात फोन चालू ठेवायची परवानगी, तीही मी न मागता. एवढी माया फुकट कोण करतं? मी म्हटलं, इथे काहीतरी पाणी मुरतंय. मग मीही ताकास तूर लागू दिली नाही. सकाळी आईला उठवणं, पुसून काढणं, कपडे, गोळ्या, भरवणं आणि मग धावत शाळा, यातलं एक अक्षर बोलले नाही. झोप लागली होती म्हणून सांगायची. आळशी म्हटलेलं परवडतं.

एका बुधवारी त्या सरळ घरीच आल्या, न कळवता. मी चादर धूत होते, कोपरापर्यंत फेस. त्या खुर्चीवर बसल्या आणि नजर फिरायला लागली. आईच्या पलंगाला तू बांधलेली सायकलची घंटी, कपाटावर माझ्या अक्षरातला गोळ्यांचा तक्ता, सगळं बघितलं. आता आईला एकीकडे ठेवतील आणि मला दुसरीकडे, हेच डोक्यात. घाबरून थाप मारली की दिवसभर आमची मावशी असते. दादा, आपल्याला मावशी कुठे आहे? आईने हसू लपवायला तोंड भिंतीकडे वळवलं. "मग आत्ता कुठे गेल्या?" बाईंनी विचारलं. म्हटलं, "भाजी आणायला." तर म्हणाल्या, "थांबते मी." आणि पाऊण तास बसल्या! मी तीनदा खिडकीत जाऊन नसलेल्या मावशीची वाट पाहून आले. मध्येच आईला तहान लागली. मी तिची मान सावरून पेला तोंडाला लावला, तेव्हा बाई आईच्या हातांकडे बघत राहिल्या. मग चहाही न घेता गेल्या.

त्या दिवसापासून तुझ्यावरचा संशय पक्का झाला. थोडा खालच्या शिंपीणकाकूंच्याही वाट्याला आला. त्यांनी नेहमीसारखं "आई कशी आहे?" विचारलं, तर मी म्हटलं, "तुम्हाला कशाला?" त्यांची माफी मागायची अजून राहिलीय.

काल शाळा सुटल्यावर बाईंनी मला थांबवलं. टेबलावर माझं प्रगतिपुस्तक ठेवलं आणि शेजारी एक जुनं, तुझं. तू शाळा अर्धवट सोडलीस ना, ते न्यायचंच राहिलेलं. दोन्हींवर आईची सही, अगदी सारखी. शेपटी वर वळलेली, खाली दोन टिंबं. आईने जन्मात कधी टिंबं दिली नाहीत, ती तुझी हौस. तुझी सही गिरवून गिरवून मी शिकले, त्यात टिंबंही उचलली. आणि जिला पेला धरता येत नाही तिची सही इतकी ठसठशीत? कुणीच काही सांगितलं नव्हतं, दादा. आपण दोघांनीच सांगितलं होतं, दर परीक्षेला, शाईने.

बाई म्हणाल्या, "ही सही मुलानेच केलीय, हे मला तेव्हाही कळलं होतं. वाटलं, मार्क लपवतोय. आठवडाभर त्याला वर्गासमोर उभा केला. का करतोस, ते विचारलंच नाही." मग त्या चष्मा पुसत बसल्या. तू हे घरी कधी बोलला नाहीस. मला रडू आलं. तू गेलास तेव्हा मी मनात म्हटलं होतं, सुटला एकदाचा. वर्षभर आला नाहीस म्हणून आणखी बरंच काही म्हटलं होतं. तू दमला होतास, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

आता हे पत्र कशासाठी ते सांगते. बाईंनी सांगितलं, घरचं आजारी माणूस सांभाळणारी मुलं दर शनिवारी शाळेत जमतात. सात जण आहेत! मला वाटायचं, मी एकटीच. गप्पा, खेळ, अभ्यासाला मदत. कुणाची आई कुणी नेत नाही, हे मी बाईंकडून तीनदा वदवून घेतलंय. संमतीच्या कागदावर आईनेच सही केली. पेन मी तिच्या बोटांत अडकवलं, पण हात धरला नाही. वीस मिनिटं लागली, सही चौकटीबाहेर गेली, टिंबं नाहीत. पण मी गेले तर आईजवळ कोण? बाई बसायला तयार आहेत. पण माझा इतक्यात कुणावर भरवसा नाही, तुझ्यावर आहे. शनिवारी चार ते सहा, दोनच तास ये. बाईंनी विचारलंच, तर सांगेन की मावशी भाजी घेऊन आली.

तुझीच,
भांडकुदळ धाकटी