तीन दिवस कोरं जेल

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ९.
शुक्रवारी कमिटी. पीएचडीचं सहावं वर्ष. तोवर माझा आरएनए तयार हवा. जेलवर, म्हणजे आरएनए तपासायच्या त्या पारदर्शक थरावर, एक पट्टी दिसली की झालं. सोपं आहे. आजपासून दिवसाला दोनच कॉफ्या.

दु. १२.
चौथी कॉफी. नवी ज्युनियर कस्तुरी विचारत होती, डीएनए पॉलिमरेज आणि आरएनए पॉलिमरेज यांत नेमका फरक काय. चाळीस मिनिटं बोर्डावर समजावलं. पहिलं एन्झाइम डीएनएची नक्कल करतं, आपल्या चुका आपणच खोडतं. पण सुरुवातीला त्याला प्रायमर, म्हणजे छोटा आयता तुकडा लागतो. दुसरं डीएनए वाचून आरएनए बनवतं, आणि स्वतःहून सुरू होतं. माझा स्वभाव दुसऱ्यासारखा. उद्या सुरू करतो.

४ फेब्रुवारी. दु. ४.
जेल कोरं. लॅबच्या पाण्यात काहीतरी आहे.

५ फेब्रुवारी.
पुन्हा कोरं. एसी दोनदा बंद पडला. कस्तुरीने हळूच विचारलं, ट्यूबवरचं लेबल पाहिलंत का. म्हटलं, सहाव्या वर्षी लेबलं वाचावी लागत नाहीत. मग जिना चारदा चढलो-उतरलो. व्यायामही हवाच.

६ फेब्रुवारी, गुरुवार.
सकाळीही कोरं. एक स्लाइड केली: 'अपेक्षित अडचणी'. बसवेना. बंगळुरातल्या आमच्या मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉस रस्त्यापर्यंत दोन फेऱ्या मारून आलो, तर कस्तुरीने ट्यूब समोर धरली.
"दादा, हे डीएनए पॉलिमरेज आहे."
ऑर्डर फॉर्मवर सही माझी. नावांत एका अक्षराचा तर फरक. प्रायमर घातलाच नव्हता, त्यामुळे एन्झाइम तीन दिवस नुसतं बसून. म्हणजे मी सोमवारी शिकवलं ते सिद्धच झालं. प्रयोग यशस्वी. स्लाइड बदलली.

संध्या. ६.
कस्तुरीने शेजारच्या लॅबमधून आरएनए पॉलिमरेज मागून आणलं. पट्टी आली. टायमर मी धरला होता.

७ फेब्रुवारी.
कमिटीत माझ्या गाइड प्रतिमा मॅडमनी विचारलं, ही पट्टी कुणी काढली. आम्ही, असं म्हणालो. त्यांनी कस्तुरीकडे पाहिलं. कस्तुरीने जमिनीकडे.
"अभिजीत, पुढचे प्रयोग कस्तुरी करेल. तू थीसिस लिहायला बस. आणि लॅबमधलं तुझं प्रयोगाचं बेंच तिला मोकळं करून दे."
योग्यच. माझं लेखनकौशल्य इतके दिवस वाया जात होतं.

८ फेब्रुवारी, शनिवार.
सहा वर्षांचं बेंच. आवरायला आज आणि उद्या, दोन्ही दिवस राखून ठेवले होते. कस्तुरी मदतीला आली. पंचवीस मिनिटांत झालं.