ओव्याची पुरचुंडी

प्रिय आई, लांबूनच तुझ्या पाया पडतो.

तू दिलेल्या भाजक्या ओव्याच्या पुरचुंडीचा गुण आला. पण मला नाही. जिच्यामागे कॉलेज सोडून इथे कपड्यांच्या कारखान्यात आलो, तिचं नाक शिवणखात्यातल्या धुळीने चोंदलं होतं, म्हणून तिला दिली. दोन दिवस हुंगली आणि मोकळी झाली.

काल तिने फडकं धुऊन, इस्त्री करून परत दिलं. सोबत तिची लग्नपत्रिका. म्हणाली, "तुझ्या आईंना सांग हं, फार बरं वाटलं."

मी भांडलो नाही गं, शपथ. फक्त डबा आपटला.

कालपासून माझंच नाक वाहतंय. मुकादमाने विचारलं, "सर्दी झाली का रे?" मी हो म्हणालो.

बाबांचा राग उतरला का? थोडा ओवा पाठव. फडकं आहे माझ्याकडे.

तुझाच,
भडकू