आवाज झाला की उजेड

१८ डिसेंबर २००६
पुण्याहून परतलो तो वेगळाच माणूस होऊन. तिथं एका अंधाऱ्या हॉलमध्ये कॉम्प्युटर स्वतःच्या मनानं भिंतीभर रंग सोडत होता, सूरही तोच लावत होता. एक चित्र पुन्हा दिसायचं नाव नाही! वसमतला असलं कुणी पाहिलेलं नाही. म्हणजे मलाच दाखवणं आलं.

१९ डिसेंबर
सासरे जळबामामा मला त्यांच्या मंडप डेकोरेशनच्या दुकानात बसवू पाहतात. आज तोंडावर सांगितलं, कलावंत गाद्या मोजत नसतो. मामा म्हणाले, ठीक हाय जावईबापू, प्रदर्शन चाललं तर तुमी मोकळे, पडलं तर जन्मभर दुकान, कुरकुर न्हाई. मी लगेच कबूल. बिचारे फसले.

२४ डिसेंबर
हळदीचं रिकामं गोदाम मिळालं. पडदे, प्रोजेक्टर, मधोमध माइक. मित्र हरिचंदनं प्रोग्राम बसवला आणि नांदेडला निघून गेला. आवाज झाला की कॉम्प्युटर तो ऐकून रंग-सूर बनवतो, नाहीतर अंधार. टेस्टिंगला खोकलो तर भिंतीवर जांभळा पूर! माझा खोकलासुद्धा कलात्मक आहे.

३० डिसेंबर
पाट्या रंगवल्या, एकदम पुण्याच्या दर्जाच्या. ‘चपला बाहेर काढा.’ ‘शांतता राखा.’ बायकोनं, सपनानं विचारलं, शांतता काहून? म्हटलं, तुला प्रदर्शनातलं काय कळतं?

१ जानेवारी २००७
उद्घाटन. तुफान गर्दी! लोक चपला काढून, हात जोडून आत आले, मांडी घालून बसले. एका आजीनं माइकला झेंडूचा हार घातला. कुणी चकार शब्द काढला नाही. भिंती काळ्याच. वायर निघाली असेल म्हणून चवड्यांवर जाऊन पाहिली. ठीक होती. मधेच एकजण घोरला तेव्हा कोपऱ्यात जरा हिरवं झालं, पण शेजाऱ्यानं त्याला उठवलं. जाताना सगळे म्हणाले, लई शांत वाटलं. काय हा परिणाम! मामा म्हणाले, दुकानाची किल्ली खिळ्याला हाय.

४ जानेवारी
कुणी फिरकलं नाही. पब्लिक पचवत असणार.

५ जानेवारी
दुपारी गल्लीतल्या जनकाबाईच्या शेळ्या माइकवरचा हार खायला आत घुसल्या. शेळ्यांना पाटी कुठे वाचता येते? एकीनं बें केलं आणि भिंत केशरी झाली. बाकीच्या बुजून ओरडल्या. निळं, पिवळं, लाल, ढोलासारखा नाद! मागून जनकाबाई बोंबलत आली, तिच्या आवाजानं तर छत पेटल्यासारखं झालं. गल्ली लोटली. मी सगळ्यांना शू-शू करत होतो, शेवटी मीही नाचलो. आनंदानं रडू फुटलं. माझी कला लोकांना कळली!

७ जानेवारी
पुसेगावहून जीप भरून माणसं आली. मी कलेवर भाषण दिलं. संपल्यावर त्यांनी विचारलं, शेळ्या कवा येतेत?

१० जानेवारी
प्रदर्शन चाललं, मामांनीच कबूल केलं. मी कोट घालून मोकळा व्हायला गेलो. मामा म्हणाले, चाललं व्हय, पण तुमी चालवलं का? लग्नाच्या बुकिंगा आल्यात, सगळ्यांना जनकाबाई पायजे. तिनं एकच अट घातली हाय, म्हणते, साहेबाला भायेर ठेवा, शू-शू करून माझी जनावरं बुजवून राहिला.

१२ जानेवारी
दुकानात बसलो. गाद्या मोजल्या. एक कमी भरली. चौकशी केली तर जनकाबाईनं नेली आहे, शेळ्यांना बसायला.