अकरा फ्रेम

४ नोव्हेंबर, मंगळवार

वरद हार्ड डिस्क टेबलावर ठेवून गेला. दोन दिवसांचं शूटिंग, एकशे अठ्ठ्याऐंशी क्लिपा. गाणं चार मिनिटं बारा सेकंद. शब्द, चाल, गळा, दाढी — सगळं त्याचंच. शाळेत एका वर्गात होतो. तेव्हाही फळ्यावर स्वतःचं नाव सगळ्यात मोठं लिहायचा.

सगळं एकदा पळवून बघितलं. येलदरीच्या धरणावरून पाठमोरा चालणारा वरद. ड्रोन वर जातो, वरद लहान होतो. होडीत एकटा वरद. वरद पत्र जाळतो. (कागद कोरा आहे. मोठा करून बघितला.) स्वतंत्र गाण्यामागे कंपनी नसते, सेट नसतो, नाचणारे नसतात. उरतं गायकाचं एकटेपण. ते फुकट मिळतं.

चंद्रभानमामा स्टुडिओच्या पुढच्या खोलीत पासपोर्ट फोटो काढतात, मागची खोली माझी. गिऱ्हाईक गेलं की येऊन डोकावतात. "हे पोरगं सारखी पाठच का दाखवायलंय गं? दुखायली का त्याची?"

मुलगी आहे. वैदेही. इथलीच, सेलूची, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. तिला चेहरा नाही. पाठ, वेणी, हात, पैंजण, उडणारी ओढणी. वरदने चारदा बजावलं — "एक फ्रेम जरी तोंड दिसलं तरी कापायचं हं. तिच्या बाबांना माहीत नाही. कळलं तर तिचं पुण्याचं एम.एस्सी. गेलं. जूनमध्ये जायलीय ती."

आमच्याकडे बनणाऱ्या अशा प्रत्येक व्हिडिओत मुलगी पाठमोरी असते. पुण्यात संकलन शिकताना एक सर याला 'अनुपस्थितीचं सौंदर्य' म्हणायचे. मी वहीत उतरवून घेतलं होतं. कसली अनुपस्थिती! बाप आहे तो.

५ नोव्हेंबर

दिवसभर ओठ जुळवले.

हळू चालणारं दृश्य हवं, पण ओठ गाण्याला बसायला हवेत — त्याची एक युक्ती आहे. शूटिंगच्या जागी गाणं दुप्पट वेगात वाजवायचं. गायकाने त्या वेगात ओठ हलवायचे. कॅमेऱ्याने सेकंदाला पन्नास फ्रेम घ्यायच्या, पडद्यावर पंचवीसने दाखवायच्या. ओठ चोख बसतात आणि केस, ओढणी, पाणी स्वप्नातल्यासारखं हळू होतं. लोक म्हणतात, काय दुःख आहे डोळ्यांत! प्रत्यक्षात माणूस चिमणीसारखा चिवचिवत असतो.

कॅमेऱ्याच्या माइकवर येलदरीचे मासे धरणारे आलेत.

"अय, ह्याला मुंग्या चावल्या का रं?"

"न्हाई बे, गाणं म्हणायलाय."

"मंग उंदरावानी कामून?"

हा आवाज शेवटी फेकायचाच असतो. प्रेक्षकाला फक्त तयार गाणं. मी तो चालू ठेवूनच काम करते. माणसं त्यातच खरं बोलतात.

६ नोव्हेंबर

शेजारच्या जिनिंग मिलमधून उडून आलेला कापूस कॉम्प्युटरच्या पंख्यात अडकला होता. चिमट्याने काढला. क्लिप नव्वदपर्यंत.

७ नोव्हेंबर

क्लिप ११४.

वैदेही धरणाच्या पायरीवर पाठमोरी. गाणं संपलं, कॅमेरा बंद करायचा राहिला.

वरदचा आवाज: "निवेदितालाच आणायला पाहिजे होतं. ही तोंडाची कटकटच नसती."

योगीराजचा, म्हणजे कॅमेरावाल्याचा: "हौ ना. तिचं दाखवलं तरी कोण बघायलंय!"

दोघं हसतात. आणि वैदेही मान वळवते. सरळ लेन्सकडे. हसते. सगळे दात, डोळे मिटेपर्यंत.

सहा वेळा ऐकलं, माझंच नाव. आवाज स्वच्छ आहे.

एकशे अठ्ठ्याऐंशी क्लिपांत खरं हसू हे एवढंच.

८ नोव्हेंबर

व्हिडिओला हात लावला नाही. आरशाकडेही गेले नाही. — हे वाक्य खोडणार होते. राहू दे.

१० नोव्हेंबर, सोमवार

अशा व्हिडिओची बांधणी ठरलेली. पहिल्या कडव्यात जागा, दुसऱ्यात आठवण, तिसऱ्याआधी वाद्यं थांबवायची. कॅमेरा हातात धरून थोडा हलवायचा, म्हणजे सगळं खरं वाटतं. रंग निळसर करायचे, म्हणजे दुःख. कडांना अंधार, म्हणजे अजून दुःख. मुलीचं तोंड लपवत न्यायचं आणि शेवटपर्यंत द्यायचं नाही.

शेवटच्यात चूक आहे. चार मिनिटं उपाशी ठेवलेल्या माणसाला एक घास तरी द्यावा लागतो.

तीन मिनिटं चार सेकंदांवर सगळी वाद्यं थांबतात. मग डफाचा एक ठोका. त्या ठोक्यावर क्लिप ११४. सगळा व्हिडिओ हळू, हा एकच शॉट खऱ्या वेगात. वळते, हसते, कट. नऊ फ्रेम ठेवल्या तर कोण आहे ते कळत नाही. तेरा ठेवल्या तर वरदला दिसेल. अकरा. म्हणजे ०.४४ सेकंद. तिन्ही करून बघितलं.

कट उत्तम आहे. आत्तापर्यंत केलेल्यांत सर्वांत चांगला. कुणाहीपुढे हे सिद्ध करू शकते.

कुणी विचारणार नाही म्हणून इथे लिहिते: व्हिडिओ फोनवर थांबवता येतो, हे मला माहीत आहे.

१२ नोव्हेंबर

वैदेहीची आई आली. सुमंगलाबाई. हातात डबा, दिवाळीचे शंकरपाळे. दोन्ही दिवस लेकीसोबत येलदरीला ही बाई उन्हात बसून होती. दारातच उभी राहिली. बसा म्हटलं तरी बसेना.

"बाई, तुम्ही पुण्यात शिकलेल्या. तुम्हाला कळतं यातलं. तिचं तोंड कुठं आलं नाही ना?"

"नाही."

"नाही, ते वरद सांगतोय, पण तो पोरगा आपल्याच नादात. ह्यांना मी सांगितलंय, जिंतूरला माहेरी गेलो होतो आम्ही. दोन दिवस. आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले बघा. पोरीला लय हौस हो. मलाही होती, पेटी शिकायची." मग स्वतःलाच हसली. "आता पेटी म्हटलं की आमचे हे म्हणतात, कोणती, गव्हाची?"

"आलं नाही तोंड," मी म्हणाले.

माझ्या मागे पडद्यावर ३:०१ वर थांबवलेलं होतं. तीन सेकंद अलीकडे.

शंकरपाळे खुसखुशीत होते.

१४ नोव्हेंबर

वरदला दाखवलं. तीनदा बघितलं त्याने. तिसऱ्यांदा डोळे पुसले.

३:०४ ला मी पडद्याकडे नाही, त्याच्याकडे बघत होते. तिन्ही वेळा पापणीसुद्धा हलली नाही. त्याच्या आधीच्या शॉटमध्ये तो होडीत मान टाकतो, पुढच्यात मान उचलतो. त्याची नजर मधल्या वेळात तिथेच — स्वतःच्या मानेवर. हे गृहीत धरूनच कट केला होता.

"संकलन निवेदिता, असं मोठ्या अक्षरात टाकतो."

"नाव नको."

"येडी का तू? नावासाठी लोक मारामाऱ्या करायलेत!"

"नको म्हटलं ना."

१६ नोव्हेंबर, रविवार

सकाळी दहाला व्हिडिओ आला. संध्याकाळपर्यंत बाराशे जणांनी बघितला.

१७ नोव्हेंबर

नऊ हजार. पुण्याच्या कुठल्याशा वेबसाइटवर कुणीतरी लिहिलंय: "चेहरा नाकारत नाकारत दिग्दर्शक एका निमिषासाठी तो देतो, आणि सगळं गाणं त्या निमिषाभोवती फिरू लागतं." दिग्दर्शक! वरदने मला ते पाठवलं, खाली विचारलं — कोणतं निमिष म्हणायलेत गं हे?

व्हिडिओखालची पहिली टिप्पणी: "३:०४ ला कोण कोण थांबलं?" तिला चारशे अंगठे.

१८ नोव्हेंबर

चंद्रभानमामांनी फोन पुढे केला. थांबवून काढलेला फोटो. दात, मिटलेले डोळे, ओढणी डोक्यावरून उडालेली. सेलूच्या कुठल्यातरी ग्रुपवर. खाली: "ही तर आपल्या गोविंदराव क्लार्कची. घरात पूजापाठ आणि धरणावर हे!" त्याखाली हसरी तोंडं. मोजली नाहीत.

"पोर चांगली हसली हाय," मामा म्हणाले. "लोकाला काय दुखायलंय कुणास ठाऊक."

दुपारी वरदचा फोन. आवाज फाटलेला.

"हे कसं राहिलं गं?"

"घाईत राहिलं असेल. तू तीनदा बघितलंस."

मग — "मी मलाच बघायलो होतो."

व्हिडिओ त्याने काढून टाकला. फोटो कुठून काढणार?

२० नोव्हेंबर

वैदेहीचं कॉलेज बंद. फोन बापाच्या खिशात. बाजारात दोन बायका बोलत होत्या, मी मेथी निवडत होते.

गोविंदराव वरदच्या घरी जाऊन आले म्हणे. हात उचलला नाही. अंगणात उभे राहून फक्त विचारलं, "माझ्या पोरीचं तोंड तुला कुणी दिलं?" वरदने सगळं स्वतःवर घेतलं. माझं नाव सांगितलं नाही. सुमंगलाबाईंचंही नाही. तेवढं त्याच्यात आहे, हे मला माहीत नव्हतं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

वैदेही स्टुडिओत आली. स्थळांना पाठवायचा फोटो काढायला. आई बाहेर पायरीवर बसली, आत आली नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. तिला कळलंय. आणि ती कुणाला सांगू शकत नाही. माझं नाव घेतलं तर शूटिंग तिला माहीत होतं हे निघेल, आणि जिंतूरच्या माहेराचं खोटं बाहेर येईल.

मामा फोटो छापेपर्यंत वैदेही मागच्या खोलीत येऊन उभी राहिली. वेणी घट्ट, चेहऱ्यावर पावडर.

"ताई, तो शॉट तुम्हाला दिसला नाही का?"

"घाईत राहिला."

"वरददादा म्हणायचा, तुमच्या नजरेतून एक फ्रेम सुटत नाही."

ती रडेल असं वाटलं. रडली नाही. मग मी विचारलं. विचारायचं ठरवूनच ठेवलं होतं. क्लिप ११४ उघडून, आवाज पूर्ण वाढवून ठेवला होता. फक्त कळ दाबायची होती.

"हसत कशाला होतीस त्यात?"

आधी तिला आठवेना. मग आठवलं, आणि एवढं सगळं होऊनही हसली. तसंच. सगळे दात.

"अहो, आईच्या डब्यात शेळीनं तोंड घातलं! आई पदर खोचून तिच्या मागं पळायली, धरणावरून, 'अगं माझे शंकरपाळे, अगं रांडे माझे शंकरपाळे' करत! आईच्या तोंडून शिवी मी जन्मात पहिल्यांदा ऐकली."

"आणि वरद काय म्हणाला तेव्हा?"

"वरददादा? ते दोघं तर पार तिकडच्या टोकाला होते. हात हलवला की बसायचं, हात हलवला की उठायचं. एवढ्या लांबचं ऐकू कुठं येतंय!"

मामांनी पुढून हाक मारली. ती गेली.

कळ दाबली नाही.

२३ नोव्हेंबर

क्लिप ११४ ची माहिती उघडली. लेन्स दोनशे मिलिमीटरवर, म्हणजे लांबचं जवळ ओढणारी. पायरीची उंची धरून हिशेब केला: अंतर चाळीस ते पंचेचाळीस मीटर. शेळी चौकटीच्या बाहेर, पण ऐकू येते. वरद-योगीराजच्या हसण्याखाली, अगदी बारीक, बें बें, आणि एक बाई ओरडतेय. आत्तापर्यंत तो मला वारा वाटत होता.

तिला लेन्सने जवळ आणलं होतं. माइक कॅमेऱ्यावर, वरदच्या तोंडाशी. चित्र जवळचं दिसलं म्हणून आवाज तिथला नसतो — पहिल्या सहामाहीत शिकवतात. मला त्या पेपरात पंचाण्णव होते.

तिने काही ऐकलंच नव्हतं.

२४ नोव्हेंबर

सुमंगलाबाईंच्या दारापर्यंत गेले. डबा परत करायला, असं स्वतःला सांगत. आत पेपर वाचणाऱ्या गोविंदरावांचे पाय दिसले. परत आले. डबा इथेच आहे.

११ डिसेंबर, गुरुवार

गोविंदराव स्टुडिओत आले. वैदेहीचं जमलं. लग्न फेब्रुवारीत, मुलगा मानवतचा, शूटिंग आमच्याकडे. "तुमच्याकडं एडिटिंगला बाई आहे म्हणून आलो," चंद्रभानमामांना म्हणाले, "पोरांवर विश्वास राहिला नाही." मग माझ्याकडे वळून, हात जोडून: "बाई, पोरीचं तोंड सगळीकडं नीट आलं पाहिजे. आणि जरा हसरं ठेवा. घरात हसतच नाही ती आता."

मी तारीख लिहून घेतली.