सहाचं राहिलं

बिरसी, मंगळवार, ६ नोव्हेंबर २००७

फोन लावायला मला न्हाणीच्या छतावर चढावं लागतं, हा मानवजातीवरचा घोर अन्याय आहे, असं पत्र मीच मोबाइल कंपनीला धाडलं होतं. म्हणून आज रेंज तपासायला वानखेडे इंजिनिअर आले. आठ, एक आणि सहा, अशा ठरलेल्या वेळा. त्यांचं यंत्र म्हणजे एक जाडजूड फोन. तो एका वेळी एकाचंच ऐकतो, टॉवरचं किंवा उपग्रहाचं. मनगटावरचं घड्याळ वाजलं की आधी टॉवरची रेंज मोजायची, मग उपग्रहाची, आणि आकडे वहीत लिहायचे.

सकाळी टपरीवर वानखेड्यांकडे बोट दाखवून मी गमतीत म्हटलं, "विमानतळाचा माणूस दिसतो. उरलेली वावरंही जाणार आता." सगळे हसले. तेजराम हसला नाही. त्याचं निम्मं वावर आधीच धावपट्टीखाली गेलंय. हे मला ठाऊक नव्हतं का?

एक वाजता त्याने वानखेड्यांना वावराच्या बांधावर, धुऱ्यावर, गाठलं. "कायले फिरून राहिला बे आमच्या वावरात?" उत्तराआधीच काठी बसली. मग आणखी चौघे तुटून पडले. मी धावत पोचलो तेव्हा वानखेडे धसकटांत पडले होते, डोकं फुटलेलं, मनगट मोडलेलं, आणि त्या मनगटावर घड्याळ वाजत होतं.

"अरे, टॉवरवाले आहेत ते," मी ओरडलो.

तेजराम म्हणाला, "भाऊ, तुमीच तं सांगितलं."

माझ्या जिभेला पंचक्रोशी भिते. तिने फक्त गाडी मागितली.

गोंदियाच्या दवाखान्यात वानखेडे शुद्धीवर आले आणि म्हणाले, "एकाचं तर गेलंच. सहाचं राहिलं."

त्यांचं घड्याळ, यंत्र आणि वही घेऊन मी एकटाच धुऱ्यावर परतलो. सहाला घड्याळ वाजलं. आधी टॉवर, मग उपग्रह. दोन्ही आकडे सुवाच्य अक्षरात लिहिले. खाली नाव वानखेड्यांचंच घातलं.