क्षेम आणि शेम

ईट, आश्विन शुद्ध १२, शके १८६६

आईची पेटी उघडली. आत पत्रांचं गाठोडं — आईनं सासरहून आजीला लिहिलेली, अन् आजीची उत्तरं. अक्षर काय सुरेख! पण आई कुठं 'येथे सर्व क्षेम' लिहिते, कुठं 'सर्व शेम'. मी लगेच दुरुस्तीला बसले. हे म्हणाले, "मेलेल्या माणसाच्याबी चुका काढतीस व्हय?" वडिलांनी संधी-समास घोटून घेतले, त्याचं हे फळ!

आश्विन वद्य ३

चूक नव्हतीच! आईचं प्रत्येक पत्र तिचे सासरे वाचत, मगच टपालात पडे. क्षेम म्हणजे खरंच बरं. शेम म्हणजे — ने मला. दर शेमनंतर आजीचं पत्र व्याह्यांना: 'मज ज्वराने ग्रासले, मुलीस धाडावे.' आजी किती वेळा मरायला टेकली! अन् गेली ऐंशी ओलांडून.
एवढ्या व्याकरणात मला हे कुणी शिकवलं नाही.

भाऊबीज

माझी इरम्मा सासरहून, वाशीहून आली. पोरीच्या बांगड्या कोपरापर्यंत चढतात, इतकी वाळलीय. विचारलं, तर "बरं हाय की." तिचीही पत्रं सासरेच वाचतात. परसात भांडी घासताना तिला शेमची गोष्ट सांगितली. हसली. "आई, तू मला चुकू देतीस व्हय? शुद्धलेखनापायी किती मार खाल्लाय!"
मग बराच वेळ राखेत बोटानं काही गिरवत बसली.

मार्गशीर्ष शुद्ध ६

वाशीचं पत्र. 'सर्व क्षेम.' क्ष कसा टपोरा!

मार्गशीर्ष वद्य ९

पेटीतल्या आईच्या लुगड्याच्या घडीतून आजीनं तिला धाडलेली चिठ्ठी सापडली. 'मी खोटे बोलते हे शिवास ठाऊक. त्यास लेक असती तर तोही बोलला असता.'
कितीदा वाचली! मला सगळी शब्दरूपं पाठ. पण देवाला असं बरोबरीनं बोलायचं — ते कुठल्या पाठशाळेत? चिठ्ठी कपाळाला लावून ठेवून दिली.

पौष शुद्ध २

'येथे सर्व शेम.'
गड्याला हाक मारली. "धोंडीबा, वाशीला गाडी जुंप. व्याह्यांना सांग, मला लई ताप हाय, लेकीला बघायचंय."
तो बघतच राहिला. "बाई, तुमी तर भाकरी थापायलाव की!"
"मरायला टेकलीय म्हणून सांग."